विचारून छापणारं मशीन

"बसू ना?"

रोज सकाळी साडेदहाला हा प्रश्न यायचा, आणि तो स्वतःच्याच खुर्चीसमोर उभं राहून विचारलेला असायचा. खुर्ची त्यांची, टेबल त्यांचं, एकवीस वर्षं तिथेच बसत आलेले, तरी डबा छातीशी धरून काका उभे. समोर मी. मी 'बसा' म्हटल्याशिवाय हा माणूस टेकायचा नाही. सुरुवातीला मला वाटलं, थट्टा करतात. म्हणून एक दिवस मुद्दाम गप्प राहिले, बघू तरी काय करतात ते. अहो, अकरा वाजेपर्यंत उभे! शेवटी मलाच लाज वाटली.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. उघड्या दारावर टकटक करणारा, रिकाम्या जिन्यात बाजूला होऊन वाट देणारा. पण आमच्या काकांची तऱ्हाच निराळी. पंखा लावताना विचारायचे, बंद करताना विचारायचे. सकाळी खालच्या टपरीवरून पोहे आले की स्वतःच्या पोह्यांवर जीरावण मसाला घालताना शेजारच्याला विचारायचे, "घालू ना?" शेजारचा बिचारा आपलीच प्लेट झाकायचा.

"विचारून घेतलेलं बरं असतं, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाला बरं असतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आमचं कॉलेज हिंदी मुलखात, बडा गणपतीच्या बाजूला. परीक्षा विभागात आम्ही दोघंच मराठी, म्हणून टेबलं शेजारी लागली. माझ्याकडे मार्कशीटमधल्या चुका दुरुस्त करायचं काम आणि काकांकडे मायग्रेशन. म्हणजे एखादा विद्यार्थी इथून दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायला निघाला, की आम्ही त्याला सोडला असं सर्टिफिकेट द्यायचं. काम सोपं, पण डोकं उठवणारं. विद्यार्थ्याचा नंबर टाका, सर्च दाबा, एक विंडो येते, नाव बघा, ओके दाबा. दुसरी विंडो येते, 'आर यू शुअर?' हो रे बाबा, शुअर. मग प्रिंट, मग पुन्हा ओके, मग बंद. एका सर्टिफिकेटला मोजून अकरा क्लिक, आणि जूनपासून पुढे रोज दोनशे-अडीचशे सर्टिफिकेटं. काकांच्या मनगटाला बारा महिने क्रेप बँडेज. ते सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याला माझ्यासमोर आणून बसवा, मी त्याच्याकडून एक दिवस छापून घेते.

काकांना मात्र ती 'आर यू शुअर'वाली विंडो फार आवडायची. "निदान विचारते तरी," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी काकूंना पॅरालिसिसचा अटॅक आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण वाचा गेली. सगळं समजायचं, बोलता काही यायचं नाही. छत्रीबागेतल्या घरात दोघंच. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, पण रोज शिकवावं लागेल, आणि शिकवताना घरचं माणूस शेजारी हवं, म्हणजे तोच अभ्यास घरी घेता येतो. अन्नपूर्णा भागात एक बाई हे शिकवतात. त्यांच्याकडे एकच वेळ रिकामी होती, दुपारी चार ते पावणेपाच. आणि आमच्याकडे सहाला मशीनवर अंगठा लावल्याशिवाय दिवस भरत नाही. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा घेऊन घेऊन काकांनी वर्षाच्या रजा तीन महिन्यांत संपवल्या.

हे त्यांनी ऑफिसात फक्त मला सांगितलं, तेही "सांगू ना?" असं विचारून.

"ताई, एकतीस वर्षं झाली लग्नाला. रोज घरी गेलो की दारातून विचारायचो, चप्पल इथे काढू ना? आतून आवाज यायचा, नाही, डोक्यावर ठेवा! बस, मग मी काढायचो. आता विचारतो, तर ती नुसती बघते. मला दारात किती वेळ उभं राहावं तेच कळत नाही."

मी म्हटलं, "काम साडेतीनला उरकलं तर गुपचूप जाऊन या. अंगठ्याला परत या. मी बघते इकडचं." पण उरकणार कसं? अकरा गुणिले अडीचशे.

चार दिवसांनी काका मोबाइल घेऊन आले. "हा माणूस दाखवतो ताई, बघा. आपण जे जे क्लिक करतो ते एकदा लिहून द्यायचं. मग मशीन आपलं आपण करतं. स्क्रिप्ट म्हणतात."

वय वर्षं छप्पन्न. त्याआधी कॉम्प्युटरमध्ये त्यांनी मायग्रेशनशिवाय एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे पडद्यावर गणपतीचा फोटो लावणे. पण बसले शिकायला. डबा खाता खाता व्हिडिओ बघायचे आणि स्क्रिप्ट आधी वहीत लिहून काढायचे, समास सोडून, शाईच्या पेनाने. मग वही शेजारी उघडी ठेवून एका बोटाने मशीनमध्ये.

पहिल्या दिवशी स्क्रिप्ट चालेचना. पहिल्याच ओळीत एरर. पुन्हा टाकली, पुन्हा पहिल्याच ओळीत. काकांचा चेहरा उतरला. मी जाऊन बघितलं तर पहिली ओळ 'श्री'.

"काका, मशीनला श्री कुठून कळणार?"

"श्री न लिहिता सुरुवात करू म्हणता?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात बूट घालून शिरले होते.

दोन दिवस काम अडलं. मग त्यांनीच कुठल्याशा व्हिडिओत शोधून काढलं, की ओळीच्या आधी अर्धविराम ठेवला तर मशीन ती ओळ वाचत नाही, नुसती असू देतं. काका इतके खूश झाले! "मशीनने वाचायची गरजच नाही ताई. ज्याने वाचायचं तो वाचेल."

पहिली यशस्वी स्क्रिप्ट कॅल्क्युलेटरची. तो आपोआप उघडायचा, दोन अधिक दोन करायचा आणि बंद व्हायचा. इतक्या झपाट्यात की उत्तर कुणाला दिसायचंच नाही. सगळ्या विभागाला बोलावून दाखवलं. सगळे पडद्याकडे टक लावून. फटकन काहीतरी आलं आणि गेलं.

"चार आले होते," काका म्हणाले. "मी बघितले."

मग खरं काम सुरू झालं. त्या शिकवणाऱ्याने सांगितलं होतं की पडद्यावर प्रत्येक बटणाचा एक पत्ता असतो, डावीकडून इतकं, वरून इतकं. काकांनी प्रिंटच्या बटणाचा पत्ता काढला, चारशे बारा, दोनशे साठ. वहीत लाल शाईने लिहिला. सकाळी स्क्रिप्ट बरोबर चालली, दुपारी मशीन बटण सोडून भलतीकडेच टकटक करू लागलं. काकांनी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी मी आले तर टेबलाच्या चारही पायांभोवती खडूच्या खुणा! मॉनिटरभोवती चौकोन, माउसच्या पॅडभोवती चौकोन, खुर्चीच्या चाकांना सुतळी.

"हे काय?"

"कुणीतरी टेबल हलवतं ताई. टेबल हललं की पत्ता बदलतो."

मी कपाळावर हात मारला. पण सांगून ऐकतील तर ना. झाडूवाल्या मावशींनी त्या खुणा बघितल्या आणि तिकडे झाडू नेणंच बंद केलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबूजी ने यहाँ कुछ बिठाया है. मैं हाथ नहीं लगाऊँगी." आठवडाभर काकांच्या टेबलाखाली कचरा साठला, दोन जणांनी येता-जाता नमस्कार केला, आणि पत्ता काही जागेवर राहीना.

शेवटी मी त्यांना धरून बसवलं. तीच विंडो तीन वेळा उघडून दाखवली. दर वेळी ती जरा खाली, जरा उजवीकडे उघडत होती. "काका, विंडो पडद्यावर सरकतेय! टेबलाचा काय संबंध? तुम्ही हे टेबल उचलून राजवाड्यावर नेऊन ठेवलंत तरी चारशे बारा तिथेच राहणार!"

काकांनी ओला फडका आणला, आणि पुसायच्या आधी मावशींना शोधून विचारून आले.

त्यानंतर ते बटणाला पत्त्याऐवजी नावाने हाक मारायला शिकले, आणि एका सोमवारी खरोखर चमत्कार झाला. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि नंबर आपोआप पडला, विंडो आली, ओके झालं, दुसरी आली, तीही गेली, आणि प्रिंटरमधून सर्टिफिकेट! मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक नवीनच चौकट उभी राहिली.

'महोदय, अगला प्रमाणपत्र छापूँ?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

"हे कुठून आलं?"

"मी घातलंय," काका म्हणाले. हो दाबलं. दुसरं सर्टिफिकेट निघालं. पुन्हा चौकट, 'महोदय, अगला प्रमाणपत्र छापूँ?'

"अहो, म्हणजे अडीचशे वेळा तुम्ही इथे बसून हो-हो करणार? मग जाणार कधी?"

"अकराचं एक झालं ना, ताई."

"पण त्या एकासाठी माणूस इथेच लागतो!"

"विचारल्याशिवाय कसं छापायचं? खाली कॉलेजचा शिक्का आहे."

आठ दिवस आमची जुंपली. मी ओरडायचे, ते मान हलवायचे. काकूंच्या नावाने गळ घातली तेव्हा कुठे एकदा ती ओळ काढायला तयार झाले. काढली. स्क्रिप्ट सुरू केली. एक, दोन, तीन सर्टिफिकेटं न विचारता बाहेर पडली, आणि काकांनी घाम पुसत मशीन थांबवलं. "नको ताई. चोरी केल्यासारखं वाटतंय." आणि ओळ परत घातली. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांनीही डबा खाताना विचारलं नाही, तेव्हा मला कळलं की त्यांनाही लागलंय.

दुसऱ्या दिवशी बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, उपाय सापडला. परवानगी मागणारा वेगळा, देणारा वेगळा!"

त्यांनी दुसरी स्क्रिप्ट लिहिली होती. पहिलीचं नाव लिपिक, दुसरीचं नाव बडे बाबू. लिपिक विचारणार, 'महोदय, अगला प्रमाणपत्र छापूँ?' आणि बडे बाबू उत्तर देणार, 'अनुमति है, आगे बढ़ें.' मग लिपिक छापणार. हे सगळं त्या एकाच डबड्यात, आणि काका हात मांडीवर ठेवून समाधानाने बघतायत.

"हे बडे बाबू उत्तर द्यायला एवढा वेळ का लावतात?" मी विचारलं.

"चार सेकंद ठेवलेत. ताबडतोब दिली तर न बघता दिली असं वाटतं."

दुपारी दीड ते दोन बडे बाबू जेवायला जायचे. त्या अर्ध्या तासात लिपिक नुसता विचारत बसायचा. मी म्हटलं, काढा हो ती सुट्टी, वेळ वाचेल. काका म्हणाले, "माणूस आहे तो." मी नाद सोडला, कारण एवढं सगळं करूनही काम साडेतीनला मार्गी लागत होतं. उरलेलं ते दोघे करायचे.

पहिल्या दिवशी निघताना काका हेल्मेट हातात घेऊन मशीनसमोर उभे राहिले. तोंडातून शब्द निघायच्या आधी मीच ओरडले, "जा हो!" ते गेले. सव्वापाचला आले, धापा टाकत. त्यांनी आधी पडदा बघितला, मग प्रिंटरमधला गठ्ठा, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज 'च' आला."

"कसला च?"

"चमच्याचा. बाईंनी चमच्याचं चित्र दाखवलं. हिने 'च' म्हटलं."

असं रोज सुरू झालं. कधी 'च' यायचा, कधी यायचा नाही. घड्याळाचं चित्र दाखवलं तर काकू रागावून चित्रच उलटं ठेवायच्या. महिन्याभराने 'चम' आला. मी म्हटलं, पाऊण चमचा झाला की काका. आणि एका मंगळवारी काका मिठाईचा डबा घेऊनच आले. टेबलाटेबलावर जाऊन "देऊ ना?" विचारत वाटली, कशाची ते कुणालाच सांगितलं नाही. माझ्यासमोर आले तेव्हा डोळे लाल. "पाणी म्हणाली ताई. सबंध. तीनदा." मी दोन पेढे एकदम तोंडात कोंबले, नाहीतर तिथेच रडले असते.

मग तो गुरुवार आला.

आमच्याकडे सगळ्यांच्या मशीनवर ऑफिसचा चॅट ग्रुप आहे. चार वाजून दहा मिनिटांनी रजिस्ट्रार साहेबांचा मेसेज आला, की दूसरे शनिवार की छुट्टी बंद करके ऑफिस खुला रखने का विचार है, सब अपनी राय दें. सगळा स्टाफ चिडीचूप. कोण मरायला राय देणार! काका अन्नपूर्णाला. आणि त्यांच्या पडद्यावर ती चॅटची विंडो सगळ्यांच्या वर येऊन उभी राहिली. बडे बाबूंना एवढंच शिकवलेलं, की समोर जी विंडो येईल तिला परवानगी द्यायची. चार सेकंद झाले.

'अनुमति है, आगे बढ़ें.'

काकांच्या नावाने, सबंध स्टाफसमोर, रजिस्ट्रारना परवानगी.

साहेबांना आधी वाटलं पाठिंबा आहे. 'धन्यवाद. बाकी लोग?' चार सेकंद. 'अनुमति है, आगे बढ़ें.' लायब्ररीतून कुणीतरी लिहिलं, 'बाबूजी, पागल हो गए हो क्या?' चार सेकंद. 'अनुमति है, आगे बढ़ें.' हिशेब विभागातला एक जण तर दारातूनच ओरडत आला, "कहाँ हैं भिया, हमारा शनिवार बेच दिया!"

मी धावले. माउस धरला. पण स्क्रिप्ट माझ्या हातातून बाण खेचून न्यायची! मी डावीकडे ओढतेय, बडे बाबू उजवीकडे. वायर उपटायला टेबलाखाली वाकले, तर समोर पॉलिश केलेले बूट. रजिस्ट्रार साहेब.

मी तशीच बाहेर आले. साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग पडद्याकडे. तिथे दोघांचं काम पुन्हा सुरळीत सुरू झालेलं.

"ये कौन पूछ रहा है?"

"लिपिक, सर."

"और अनुमति कौन दे रहा है?"

"बड़े बाबू, सर."

"कहाँ हैं बड़े बाबू?"

"वही हैं सर. अंदर."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी देव आठवायला लागले. काकांची नोकरी गेली, असंच मला वाटलं. साहेब मात्र वाकून बघतायत. विचारणा, चार सेकंद, परवानगी, सर्टिफिकेट. विचारणा, चार सेकंद, परवानगी. दहा-बारा मिनिटं अशी गेली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला जसा माझ्या आईच्या चेहऱ्यावर पुरणपोळी न फुटता उलटली की येतो. एवढ्या मोठ्या कॉलेजात नियमाने कागद फिरताना त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितला होता. मग ते उठले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "इसमें रजिस्ट्रार कहाँ है?"

दुसऱ्या दिवशी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही मागोमाग घुसले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. काकांनी काही लपवलं नाही. काकूंचं सगळं सांगितलं, चमच्यापासून पाण्यापर्यंत. साहेब वाईट माणूस नव्हते हो. त्यांनी स्वतः उठून काकांना पाण्याचा ग्लास दिला. "आप जाइए साढ़े तीन बजे," म्हणाले. "मुझे आपत्ति नहीं. लेकिन प्रक्रिया पूरी होनी चाहिए."

म्हणजे तिसरी स्क्रिप्ट. नाव रजिस्ट्रार. तिचं वागणं कसं असावं ते साहेबांनी स्वतः कागदावर लिहून दिलं. सगळ्या कागदांना सरसकट मंजुरी नको, बरं दिसत नाही. दर दहाव्या सर्टिफिकेटवर रजिस्ट्रार 'चर्चा करें' असा शेरा मारणार. आणि ती चर्चा मशीनने करायची नाही, समोरासमोर व्हायला हवी. चर्चा झाली की साहेब आपल्या मशीनवरून ती विंडो बंद करणार, मग काम पुढे.

काकांनी अगदी तसंच लिहून दिलं. मला राग आला होता तो याचा.

दर दहाव्या सर्टिफिकेटला मशीन अडायचं. काका उठायचे, केबिनच्या दारात उभे राहायचे. "सर, चर्चा."

"हाँ, आइए. क्या चर्चा है?"

"पता नहीं सर. छाप दूँ?"

"छाप दीजिए."

दिवसाला बावीस-पंचवीस वेळा. साहेब मीटिंगमध्ये असले की तासभर ठप्प. साडेतीनला मार्गी लागणारं काम सहालाही संपेना. काकांना साडेतीनला जायची परवानगी होती, पण परवानगीसकट ते खुर्चीत अडकले. काकूंना रिक्षाने एकटं पाठवायचा प्रयत्न केला, त्या पायरीवरूनच परत फिरल्या.

"दहाव्याच्या जागी हजाराव्याला करा ना!" मी भडकले. "एक शून्य-दोन शून्य वाढवा, कोण बघतंय?"

"साहेबांनी दहा सांगितलंय."

"मग साहेबांना विचारा! एरवी तर शिंकायलाही विचारता!"

"विचारलं ताई. ते म्हणाले, यावर चर्चा करू."

बारा दिवस क्लिनिक चुकलं. तिथल्या बाईंनी निरोप दिला, येणार नसाल तर वेळ दुसऱ्याला देते. तेराव्या दिवशी काका आले आणि बसायचं विचारलंच नाही, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मला वाटलं, मलाच ऐकू आलं नाही, मी आपलं दोनदा 'बसा' म्हटलं.

"काल रात्री तिला तहान लागली होती," ते म्हणाले. "तिने ग्लासकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बोल, काय हवंय? येतंय तुला, बोल. तिने नुसतं बोट दाखवलं."

त्यांनी वही काढली, शाईचं पेन काढलं आणि दुपारपर्यंत एक कागद लिहिला, तीन प्रतींत, हाताने. मशीन दहाव्या सर्टिफिकेटवर अडून होतं, तिकडे बघितलंही नाही. साडेतीनला ते केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. अजून दीड वर्ष बाकी होतं त्यांचं.

"बैठिए, इस पर चर्चा करते हैं," साहेब म्हणाले.

"नाही सर," काका म्हणाले, मराठीतच. "मी निघालो."

बाहेर येऊन डबा उचलला. माझ्याजवळ थांबले. "ताई, तुम्ही फार केलंत." मी म्हटलं, कसलं केलं, नुसती ओरडले तुमच्यावर. ते हसले आणि गेले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. पावणेचार वाजले होते, अन्नपूर्णा गाठायला वेळ होता.

त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. मशीनही आलं, आत बसलेल्या तिघांसकट. मी त्यांना काढून टाकायचं मनात आणायचे आणि पुन्हा राहू द्यायचे. मला त्यातलं कळतही नव्हतं, आणि खरं सांगू, लिपिक विचारायला लागला की शेजारी कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. पाचेक महिने गेले. काकांना फोन करायचं रोज ठरवायचे. भीती वाटायची. तिकडून काही वाईट कळलं तर? न बोलणाऱ्या घरी फोन करून काय विचारायचं?

मग जूनमध्ये, ऐन गर्दीत, साहेब मुलीच्या लग्नाला आठ दिवस रजेवर गेले आणि दहाव्या सर्टिफिकेटवर 'चर्चा करें' येऊन उभं राहिलं. हटेना. मशीन बंद करून चालू केलं, तर तिघेही उठून पुन्हा आपापल्या जागी. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची रांग जिन्यापर्यंत गेलेली, सगळ्यांना आजच हवंय, वर उकाडा असा की विचारू नका. आता फोन करण्याशिवाय इलाज नव्हता.

घंटी वाजत राहिली. मी ठेवणार तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"काका, अहो ती तुमची तिसरी स्क्रिप्ट! काय करून ठेवलंय हे? इथे पन्नास मुलं उभी आहेत, हिला मारायची कशी ते सांगा आधी!"

पलीकडून काहीच नाही. नुसता श्वास.

"काका? ऐकू येतंय का?"

"ते..." आवाज बाईचा होता. जाड, हळू. "ते... भाजी... भाजीला... गेलेत."

रांगेतला कुणीतरी काचेवर नाणं वाजवत होता, 'मॅडम, मॅडम' करत होता. मी त्याला हाताने गप्प केलं.

"काकू?"

"हो."

मग बराच वेळ गेला. मला तिकडून शब्द जुळवल्याचं अगदी कळत होतं. मध्ये बोलायचं नाही म्हणून मी ओठ दाबून धरले. जन्मात एवढा वेळ मी गप्प बसले नसेन.

"तुम्ही... त्या..." काकू म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. "त्या... भांडखोर... ताई?"

भांडखोर! पाण्यासारखं दोन अक्षरी नाही, चांगलं चार अक्षरी, जोर लावून म्हणायचं. आणि हा शब्द काकांनी घरी शिकवायला घेतलेला, माझ्यावरून! मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. बाहेरची मुलं काचेला नाक लावून बघत होती.

"हो काकू," मी म्हटलं. "तीच मी."

"आले... की..." त्या म्हणाल्या, एकेक शब्द ठेवत, "सांगते... मी... त्यांना."

मी फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवेपर्यंत कानाशी धरून बसून राहिले.